आधी मूल, मग संस्था

स्मरणिका हा कृतज्ञतेचा ग्रंथ असतो. संस्थापकांचे कष्ट, वर्गणी देणाऱ्या हातांची आठवण, दहावीच्या निकालाचा चढता आलेख आणि माजी विद्यार्थ्यांची वाटचाल यांना तिच्यात हक्काचे स्थान असते, आणि ते असलेच पाहिजे. मजुरी करणाऱ्या लोकांनी पोटाला चिमटा घेऊन उभ्या केलेल्या संस्थेला आपला इतिहास अभिमानाने सांगण्याचा पूर्ण अधिकार आहे. परंतु स्मरणिकेत सहसा न येणारा एक विषय आम्ही येथे मांडू इच्छितो. वसतिगृहातले दिवे मालवल्यानंतर एखाद्या मुलाला भीती वाटली, काही दुखले, कोणी त्याचा छळ केला, तर ते मूल कोणाला सांगते? आणि सांगितल्यानंतर त्याचे पुढे काय होते? निवासी शाळेची खरी पत या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते, असे आमचे मत आहे.

आपल्या चळवळीत वसतिगृह ही निव्वळ राहण्याजेवणाची सोय कधीच नव्हती. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमराव वेगळ्या गोणपाटावर बसत, ते गोणपाट रोज घरी नेत, आणि शिपाई जागेवर नसला तर तहान लागूनही त्यांना पाणी मिळत नसे. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात नोंदवून ठेवली आहे. शाळा होती, शिक्षक होते, पुस्तके होती. पण त्या मुलासाठी शाळा सुरक्षित नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची जी मालिका उभी केली आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले, त्यामागे हेच भान होते. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने पुढच्याच वर्षी सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. सभेच्या अगदी आरंभीच्या कार्यांपैकी हे एक होते, याचा अर्थ आपण नीट लावला पाहिजे. गावातला अपमान, शाळेतला विटाळ आणि घरातली उपासमार या तिन्हींपासून मुलाला दूर नेऊन त्याला निर्भयपणे शिकता यावे, यासाठी वसतिगृह हवे होते. म्हणजे सुरक्षितता ही आपल्या शिक्षणसंस्थांना बाहेरून आलेली, शासनाने परिपत्रकाद्वारे लादलेली गोष्ट नाही. तो आपल्या संस्थांचा उगम आहे.

बौद्ध संस्था म्हणून तर ही जबाबदारी अधिकच खोल आहे. विनयपिटकाच्या महावग्गात राजगृहातील सतरा मुलांची एक कथा येते. त्यांपैकी उपाली नावाच्या मुलाच्या आईवडिलांना चिंता होती, की लेखन शिकला तर याची बोटे दुखतील, हिशेब शिकला तर छाती दुखेल. त्यापेक्षा श्रमणांकडे पाठवावे; ते सुखाने जेवतात, निवाऱ्याला निजतात. त्याच्यासोबत त्याचे सवंगडीही गेले आणि आईवडिलांच्या संमतीने सर्वांना उपसंपदा मिळाली. रात्र सरताना ही मुले उठली आणि पेज द्या, भात द्या, खाऊ द्या म्हणून रडू लागली. भिक्षूंनी त्यांना उजाडेपर्यंत थांबण्यास सांगितले. मुलांना ते जमेना आणि त्यांनी अंथरुणे खराब केली. पहाटे उठलेल्या तथागतांनी ते रडणे ऐकले आणि आनंदांना विचारले, हा मुलांचा आवाज कशाचा? हकीकत समजल्यावर त्यांनी मुलांना दटावले नाही. त्यांनी दोष भिक्षूंना दिला आणि वीस वर्षांखालील व्यक्तीला उपसंपदा देऊ नये, असा नियम घालून दिला.

अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या प्रसंगात निवासी शाळेचे जणू सगळे शास्त्र आले आहे. पोटाची सोय होईल म्हणून पाठवलेले मूल, पालकांची संमती, रात्रीची वेळ, ओले अंथरूण, ‘थांब, सकाळी बघू’ म्हणणारी मोठी माणसे, आणि या साऱ्यांच्या वर मुलाचे रडणे स्वतः ऐकून चौकशी करणारा शास्ता. रडणे थांबवणे हा त्यांचा हेतू नव्हता. ज्या व्यवस्थेमुळे मुलांवर रडण्याची वेळ आली, ती व्यवस्था त्यांनी बदलली. आपल्याकडे अनेकदा याच्या उलट घडते. अंथरूण ओले करणाऱ्या मुलाला सर्वांदेखत सतरंजी धुवायला लावली जाते, घरची आठवण काढून रडणाऱ्याला ‘बायकी’ म्हटले जाते, आणि जे मूल मुकाट राहते त्याला शिस्तीचे समजले जाते. सिगालोवाद सुत्तात आचार्यांची शिष्याप्रती जी पाच कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांतील शेवटचे कर्तव्य सर्व दिशांना शिष्याच्या रक्षणाची तजवीज करणे हे आहे. विद्या देण्याइतकेच ते आचार्यांचे काम आहे.

आता वर्तमानाकडे वळू. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, लोक संतापून रेल्वेच्या रुळांवर उतरले आणि मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. त्याआधी २०१६ साली बुलढाणा जिल्ह्यातील एका निवासी आश्रमशाळेतील आदिवासी मुलींचे प्रकरण महाराष्ट्राला हादरवून गेले होते. त्या वेळच्या वृत्तांनुसार ते बाहेर आले, ते मुली दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यानंतर. शाळेत एवढी माणसे होती, पण मुलींना सांगता आले ते घरीच. निवासी शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाने यावर विचार केला पाहिजे. जे दुःख सांगण्यासाठी मुलाला दिवाळीची वाट पाहावी लागते, ते दुःख शाळेने त्याच्यावर दुसऱ्यांदा लादलेले असते.

हे फक्त मुलींच्या वसतिगृहापुरते आहे, असाही समज करून घेऊ नये. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांत केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले होते. त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हते, आणि अत्याचार करणाऱ्यांत मोठा वाटा ओळखीच्या, विश्वासातल्या माणसांचा होता. बहुतेकांनी ही गोष्ट कोणालाही सांगितलेली नव्हती. आपण कुंपणाची भिंत उंच करतो, फाटकावर पहारेकरी बसवतो. आणि धोका मात्र पुष्कळदा आतल्या, नेहमीच्या, नमस्कार घेणाऱ्या माणसाकडून असतो.

अशा वेळी संस्थांमध्ये पहिले वाक्य कोणते उच्चारले जाते? ‘संस्थेची बदनामी होईल.’ हे वाक्य दुष्ट माणसेच उच्चारतात असे नाही. संस्थेवर जिवापाड प्रेम करणारी, तिच्यासाठी आयुष्य वेचलेली माणसेही ते उच्चारतात, आणि आमच्या मते धोका नेमका तेथे आहे. आपल्या समाजाच्या संस्था थोड्या आहेत, त्या मोठ्या हालअपेष्टांतून उभ्या राहिल्या आहेत, अनुदानाच्या कागदावर तरलेल्या आहेत आणि त्यांच्या पडझडीची वाट पाहणारे लोकही आहेत. म्हणून ‘हे घरातल्या घरात मिटवू’ असे वाटणे समजण्यासारखे आहे. पण ते समर्थनीय नाही. घरातल्या घरात मिटवलेल्या प्रकरणात त्या मुलाची फिर्याद मिटते आणि गुन्हा मात्र मागे उरतो.

येथे आपण स्वतःला एक कठोर प्रश्न विचारला पाहिजे. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला गेला, मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. आपण मोर्चे काढले, शोकसभा घेतल्या आणि संबंधित संस्थांना जाब विचारला. या मुलांचे म्हणणे वेळीच का ऐकले गेले नाही, संस्थेने स्वतःची बाजू सावरण्याआधी विद्यार्थ्याचा विचार का केला नाही, हे आपले प्रश्न होते आणि ते रास्त होते. मग तोच मापदंड आपल्या वसतिगृहाला लागू होत नाही काय? संस्था बहुजनांची आहे, सभागृहात तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, एवढ्याने मुलाचे दुःख आपोआप ऐकले जाते असे नाही. इतरांच्या दारात उभे राहून जो न्याय आपण मागतो, तो आपल्या दारात मागणाऱ्या मुलाला नाकारला, तर आपल्या चळवळीच्या शब्दाला किंमत उरणार नाही.

कायद्याने तर याबाबत पर्यायच ठेवलेला नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या अधिनियमानुसार, ज्याला आपण पोक्सो म्हणतो, असा अपराध घडल्याची माहिती असणाऱ्या कोणीही तो पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. हाताखालील व्यक्तीने केलेला अपराध संस्थाप्रमुखाने कळविला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. आधी अंतर्गत चौकशी करू, मग संचालक मंडळाची बैठक घेऊ, मग ठरवू, अशी मुभा या कायद्यात नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात, माहिती असूनही पोलिसांना न कळविल्याचा आरोप असलेल्या एका डॉक्टरांवरील गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि माहिती दडवणे हा गंभीर अपराध असल्याचे स्पष्ट केले. तेव्हा ‘संस्थेच्या हितासाठी गप्प बसलो’ हा बचाव आता नीतीच्या न्यायालयात टिकत नाही आणि कायद्याच्या न्यायालयातही टिकत नाही.

तरीही एक गोष्ट गुप्त राहिली पाहिजे, ती म्हणजे पीडित मुलाची ओळख. येथे जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहाची आठवण होते. फसवल्या गेलेल्या विधवांनी तेथे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, त्यांचे नाव बाहेर फुटणार नाही, असे आश्वासन देणारे ते घर होते. लोकलज्जेच्या भीतीने जीव जातात हे फुले दांपत्याने ओळखले होते. त्यांनी गुप्ततेचे कवच सोसणाऱ्या स्त्रीला दिले. आपण पुष्कळदा तेच कवच गुन्हेगाराला देतो आणि मुलाचे नाव मात्र स्वयंपाकघरापासून गावाच्या पारापर्यंत पोहोचते. हा क्रम उलटा झाला पाहिजे.

सुरक्षितता म्हणजे केवळ लैंगिक अत्याचारापासून संरक्षण नव्हे. छडी, उठाबशा, जेवण बंद करणे, आईवडिलांच्या गरिबीवरून टोमणे, मोठ्या मुलांनी लहानांकडून कपडे धुऊन घेणे हे सर्व त्याच यादीत येते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ मध्येच कायदा केला आणि तो वसतिगृहांनाही लागू आहे. येथे आमच्या माजी विद्यार्थ्यांशी थोडा प्रेमाचा वाद घालणे आवश्यक वाटते. मेळाव्यात ते हसून सांगतात, ‘सर, तुमचा मार खाल्ला म्हणूनच आम्ही घडलो.’ त्यामागचा आदर आम्ही मानतो, पण त्यातील तर्क मान्य करू शकत नाही. मेळाव्याला येतात ते टिकलेले विद्यार्थी. माराच्या धास्तीने पेटी उचलून मध्यरात्री पळून गेलेल्या, सातवीतच वीटभट्टीवर परतलेल्या मुलांचा मेळावा भरत नाही. त्यांचे मत कोणत्याही स्मरणिकेत छापून येत नाही. जे घडले ते स्वतःच्या जिद्दीने घडले. त्याचे श्रेय छडीला देऊन आपण त्या जिद्दीवरच अन्याय करतो.

मनाच्या आरोग्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. आपल्यासारख्या वसतिगृहांत ऊसतोड कामगारांची मुले असतात. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेले आईवडील कोयते घेऊन निघून जातात ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. बाकीच्या मुलांना भेटीच्या रविवारी डबा येतो, या मुलांचे कोणी येत नाही. असे मूल अचानक अबोल होते, जेवण टाकते, वारंवार पोट दुखते म्हणते, अभ्यासात मागे पडते. आपण त्याला आळशी ठरवतो. वास्तविक ते मूल त्याला जमेल त्या भाषेत काहीतरी सांगत असते. ही भाषा ओळखण्याचे शिक्षण शिक्षकाला, अधीक्षकाला, एवढेच नव्हे तर स्वयंपाकी ताईंना आणि कामाठी मामांनाही मिळाले पाहिजे. मुले पुष्कळदा मुख्याध्यापकांपेक्षा ताट वाढणाऱ्या हातावर अधिक विश्वास ठेवतात, हा आमचा अनुभव आहे.

शिक्षकबंधूंच्या मनात एक भीती असते आणि तिचाही आदर केला पाहिजे. खोटी तक्रार झाली तर? आयुष्यभराची प्रतिष्ठा एका चिठ्ठीने जाईल. आमचे उत्तर असे, की ज्या शाळेत नियम स्पष्ट आणि लिखित असतात, तेथे निर्दोष शिक्षकही अधिक सुरक्षित असतो. बंद दाराआड एकट्या मुलाला थांबवायचे नाही, मुलाकडून खासगी कामे करून घ्यायची नाहीत, रात्रीची फेरी दोघांनी घालायची आणि तिची नोंद वहीत करायची, हे नियम सर्वांसाठी सारखे असले, तर संशयाला जागा कमी उरते. संशयाचे वातावरण गप्प बसण्यामुळे तयार होते. नियमांमुळे ते निवळते.

बदलापूरनंतर शासनाने शाळांना सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पडताळणी, सखी सावित्री समिती यांबाबत निर्देश दिले. ते पाळलेच पाहिजेत. परंतु कॅमेरा न्हाणीघरात आणि झोपण्याच्या खोलीत लावता येत नाही, आणि लावूही नये. त्याला दिसते, ऐकू येत नाही. कुलूपबंद तक्रारपेटीची किल्ली जर ज्यांच्याविरुद्ध तक्रार असू शकते त्यांच्याच खिशात असेल, तर ती पेटी शोभेचीच राहते. म्हणून आमच्या काही सूचना आहेत. तक्रारपेटी दर आठवड्याला पालक आणि विद्यार्थी प्रतिनिधींच्या समक्ष उघडावी. सुरक्षा समितीत संचालकांचे नातलग नसलेली, संस्थेच्या पगारावर नसलेली एक तरी जाणती स्त्री असावी. पडताळणी पहारेकऱ्यापासून संचालकापर्यंत सर्वांची व्हावी. ती फक्त खालच्या कर्मचाऱ्यांची केली तर तीही एक विषमताच ठरेल. प्रत्येक मुलाला आठवड्यातून एकदा, कोणी शेजारी उभे न राहता, घरी फोनवर बोलता यावे. फडावरच्या आईवडिलांसाठी ती वेळ संध्याकाळची असावी. महिन्यातून एकदा तरी समुपदेशक यावेत. आणि चाइल्डलाइनचा १०९८ व मानसिक आरोग्याच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हे दोन क्रमांक प्रार्थनेच्या सभागृहात मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावेत.

पालकांनाही एक विनंती आहे. सुट्टीत मूल घरी आले की ‘नंबर कितवा आला?’ हा प्रश्न आपण आधी विचारतो. त्याआधी ‘तिथे तुला कोणाची भीती वाटते का?’ हे विचारावे. आणि मुलाने काही सांगितले, तर ‘सर असे करणार नाहीत’ असे म्हणून त्याला परतवू नये. गुरुजनांचा आदर ही चांगली गोष्ट आहे, पण केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी केवळ गुरू म्हणतो म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, असाच उपदेश केला होता. तो उपदेश आमच्याबाबतीतही लागू आहे.

शेवटी एक प्रस्ताव. वर्षावासाच्या समाप्तीला, आश्विन पौर्णिमेला, भिक्षुसंघात प्रवारणेचा विधी होतो. त्यात भिक्षू हात जोडून संघाला विनंती करतो, की माझ्याकडून काही दोष घडलेला तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका आली असेल, तर करुणेने मला सांगा. या विधीचा आरंभ सर्वांत ज्येष्ठ भिक्षूपासून होतो. जगातील फारच थोड्या संस्थांनी आपल्या वडीलधाऱ्यांना असे झुकायला शिकवले असेल. आपल्या शाळेत दरवर्षी या पौर्णिमेला प्रवारणा दिन पाळावा. अध्यक्ष, मुख्याध्यापक, अधीक्षक आणि आम्ही सर्व शिक्षक यांनी मुलांसमोर उभे राहून हीच विनंती करावी. मुलांनी पाहिलेले, ऐकलेले किंवा मनात आलेली शंका लिहून किंवा बोलून सांगावी, आणि सांगणाऱ्यावर आकस धरला जाणार नाही याची हमी पालकांसमक्ष द्यावी. पहिल्या वर्षी कदाचित कोणी बोलणार नाही. दुसऱ्या वर्षी एखादी पाचवीतली मुलगी आमटी पातळ असते एवढेच म्हणेल. त्या आमटीची दखल घेतली गेली, तरच तिसऱ्या वर्षी कोणी मोठे दुःख सांगण्याचे धैर्य करील.

पुढची स्मरणिका निघेल तेव्हा निकालाच्या तक्त्याशेजारी आणखी एक तक्ता छापला जावा: वर्षभरात किती तक्रारी आल्या, किती दिवसांत त्यांची दखल घेतली आणि काय उपाय केला. मुलांची नावे अर्थातच नसावीत. त्या तक्त्यात शून्य दिसले, तर कोणी टाळ्या वाजवू नयेत; मुले अजून बोलत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ समजावा. आणि संख्या दिसली, तर लाज वाटून घेऊ नये. आपल्या मुलांचा आपल्यावर विश्वास बसू लागला आहे, हे त्या संख्येने सांगितलेले असेल.

सब्बे सत्ता सुखी होन्तु. जयभीम.